वेरूळची राणी बोगमाळोत

महागाववरून विमान जातं, महागावात उतरत नाही. कपाशीत डवरणी चालू असताना मान वर केली तर पूर्वेकडे निघालेल्या एखाद्या विमानाची पांढरी रेघ दिसते आणि थोड्या वेळात विरून जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, धावपट्टी आहे; तिथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. नागपूरची गोष्ट निराळी. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमानं निघत, मध्यरात्री सोनेगावच्या तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल. त्या रात्रींची गोष्ट उरली. त्या काळातलं विमान मात्र मी नागपुरात कधी पाहिलं नाही.

जुनं विमान जवळून, खिळे मोजता येतील इतकं जवळून पाहायचं, तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठं? मी गोव्याचं नाव काढलं तेव्हा घरच्यांना वाटलं, कारण काहीतरी वेगळंच असणार. वास्को शहराजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं. सोबत भाचा होता. महागावातच त्याचं ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. पूर्ण प्रवासात माझ्यापेक्षा त्याचीच नजर जास्त कामाला आली, हे आधीच सांगून टाकतो.

नागपूर-तुळजापूर रस्ता महागावातूनच जातो. ऊस आणि हळदीच्या रानांमधून उमरखेड मागं पडलं की पैनगंगेचा पूल लागतो. आज पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. १९४८ पर्यंत राज्य बदलायचं. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजाम. त्या वर्षी या हद्दीच्या पलीकडच्या आकाशात जे चाललं होतं, ते सिनेमात शोभावं असं आहे. हैदराबाद संस्थानाची भारताने आर्थिक कोंडी केली होती आणि निजामाला शस्त्रं हवी होती. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ते काम अंगावर घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाची प्रवासी आवृत्ती म्हणजे लँकेस्ट्रियन. असली विमानं घेऊन त्याची माणसं कराचीहून रात्री उडत आणि बिदर, वरंगळ अशा तळांवर बंदुका उतरवत. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली तेव्हा भारतीय हवाई दलाने या तळांवर बॉम्ब टाकले. पाच दिवसांत सगळं आटोपलं. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं बोलताना आपण रझाकार, सत्याग्रह आणि हद्दीवरच्या शिबिरांबद्दल भरभरून बोलतो. डोक्यावरून जाणाऱ्या या विमानांचा उल्लेख सहसा होत नाही. त्यांतलं एखादं कुठल्या चौकात उभं असतं तर कदाचित झाला असता.

अर्धापूरच्या केळीच्या बागा आणि नांदेड मागं टाकलं. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. लातूरच्या डाळमिलांचा वास, तुळजापूरला देवीचं दर्शन, सोलापूर, सांगोल्याची डाळिंबं. हा दिवस रस्त्याचाच होता. आपल्याकडून गोव्यापर्यंत नवा शक्तिपीठ महामार्ग व्हावा की नाही, यावर चहाच्या प्रत्येक टपरीवर मत तयार होतं, आणि ज्याची जमीन जाते त्याचं आणि ज्याची जात नाही त्याचं मत कुठंही जुळत नव्हतं.

कोल्हापूरला मुद्दाम उजळाईवाडीच्या बाजूने गेलो. इथला विमानतळ संस्थानी. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, तो सुरू झाला. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पहिलं टपाल आणलं ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी; म्हणजे देशात नियमित हवाई टपाल सुरू होऊन सात वर्षंही झाली नव्हती तेव्हा एका मराठी संस्थानाकडे स्वतःची धावपट्टी होती. संस्थानिकांचे शौक म्हणून आपण यावर पटकन शिक्का मारतो. पण शौक म्हणून बांधलेली ही धावपट्टी आजही कामात आहे, हेही खरं.

कोल्हापूरहून बेळगावकडे निघालं की उजव्या हाताला गडहिंग्लजचा रस्ता फुटतो. त्या तालुक्यातल्या हसूरचंपू गावी १९०८ मध्ये विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. हे नाव पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल यांच्याकडे जर्मनीत ग्योटिंगेनला त्यांनी डॉक्टरेट केली आणि परत येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकवली. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान आकाराला आलं. १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. भारतात आराखडा होऊन कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेलं हे पहिलं विमान. दीडशेहून जास्त बनली आणि काही आफ्रिकेतल्या घाना देशालाही विकली गेली. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा आपल्याकडे फार लाडकी आहे. त्या विमानाचा आराखडा नाही, सुटा भाग नाही, भरवशाची समकालीन नोंद नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा दाखला याच्या जोडीने दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या त्याच संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं आहे. घाटग्यांचं विमान खरोखर उडालं, त्यावर शेकडो वैमानिक शिकले आणि त्याची कथा आपण सांगत नाही. यातलं काय जपायचं, हा आपला आपण केलेला निवाडा आहे.

बेळगावच्या सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यावर चाल झाली तेव्हा हंटर विमानं इथून उडाली आणि त्यांनी पणजीजवळचं बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं पुण्याहून आली होती. आम्ही चोर्ला घाटातून खाली उतरत होतो, धुकं होतं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. जी वाट उतरायला आम्हाला तास-दीड तास लागणार होता, ती त्या जेट विमानांनी काही मिनिटांत पार केली असणार.

झुआरीचा नवा पूल ओलांडून बोगमाळोच्या फाट्यावर वळलो. संग्रहालय लहानच आहे. मोकळ्या मैदानात विमानं आणि हेलिकॉप्टरं, मागं गॅलरीची इमारत. आत पाऊल टाकताच भाचा थेट एका विमानाच्या पोटाखाली वाकला. ते सी हॉक होतं.

“मामा, याचं सायलेन्सर कुठी हाय?”

प्रश्न अगदी बरोबर होता. जेट विमानाचा धूर शेपटीतून निघतो, ही आपली समजूत. सी हॉकच्या शेपटीला भोकच नाही. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन मध्यभागी बसवलेलं आहे आणि त्याची जळकी हवा दोन फाटे फुटून पंखांच्या मुळाशी, डाव्या-उजव्या बाजूने बाहेर पडते. त्यामुळे शेपटीची नळी मोकळी राहते आणि तिथं इंधनाची टाकी बसते. इतकी अक्कल खर्च करण्याचं कारण जागेची टंचाई. हे विमान ज्या ‘विक्रांत’ जहाजावरून उडायचं, त्याची लांबी सातशे फूट. त्यावर उतरायचं तर शेपटीखालचा आकडा खाली सोडायचा, डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात तो अडकवायचा आणि काही सेकंदांत थांबायचं. उडताना वाफेच्या दाबाने चालणारा सरकता ठोकळा विमानाला गोफणीतल्या दगडासारखा पुढं फेकतो. पंख घडी करून वर वळवायचे, कारण खाली हँगरमध्ये दाटी. भाच्याने पंखाच्या बिजागरीवर बोट ठेवून बघितलं. बिजागरी जाड, मजबूत आणि गंजलेली होती.

‘विक्रांत’ मार्च १९६१ मध्ये बेलफास्टला नौदलात दाखल झाली, नोव्हेंबरात मुंबईला पोहोचली आणि डिसेंबरात गोव्याबाहेरच्या समुद्रात उभी राहिली. तेव्हा तिच्या विमानांना हल्ला करावा लागला नाही. दहा वर्षांनी करावा लागला. ४ डिसेंबर १९७१ रोजी सी हॉकनी कॉक्स बाजारवर आणि मग चितगाववर हल्ले चढवले. बाजूला उभं असलेलं अलिझे हे फ्रेंच विमान त्याच जहाजावरचं. पाणबुड्या शोधायचं काम त्याचं. आत तिघं बसत आणि पोटातून रडारचा घुमट खाली उतरे. तोंडाला पंखा असलेलं हे विमान दिसायला बोजड आहे. चित्रपटात त्याला कुणी नायक करणार नाही. पण १९९१ पर्यंत ते सेवेत होतं.

यानंतर भेटलेलं सीलँड मला सगळ्यात आवडलं. हे जमिनीवरही उतरतं आणि पाण्यावरही, त्यामुळे त्याचं पोट होडीचं आणि चाकं विमानाची. फेब्रुवारी १९५३ मध्ये पहिलं सीलँड कोचीला आलं. भारतीय नौदलाचं विमानांचं खातं त्यानेच सुरू झालं. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सने ही विमानं फारशी बनवलीच नाहीत. त्यांतली दहा भारताने घेतली. जगात ती आता बोटांवर मोजण्याइतकीच शिल्लक आहेत आणि त्यांतलं एक इथं आहे. त्याच्या शेजारी कुणी सेल्फीसाठी थांबत नव्हतं. सगळी गर्दी सी हॅरिअरजवळ. तेही साहजिक आहे. जागच्या जागी सरळ खाली उतरणारं हे विमान, त्याच्या इंजिनाची चार तोंडं खाली वळवता येतात. भाचा त्या तोंडांना हात लावून, ती कोणत्या कोनापर्यंत वळत असतील, ते मनगट फिरवून पाहत होता. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरिअर गोव्यात आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली.

आणि एचटी-२. गडहिंग्लजच्या रस्त्याचा विषय निघाला होता म्हणून भाच्याने ते स्वतःहून शोधून काढलं. एकामागं एक अशा दोन जागा, खाली बसवलेले पंख, दीडशे अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन.

“आपल्या दोन-तीन मोठ्या ट्रॅक्टरांएवढीच ताकद याची,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “पण ट्रॅक्टर उडत नाही, नाही काय?”

मैदानाच्या कडेला एक नौसैनिक रंगाचा डबा घेऊन चालला होता. आम्ही विचारलं तर त्याने एका विमानाच्या पत्र्याच्या जोडावर बोट ठेवलं. रंगाखालून पांढरी भुकटी वर आली होती. अॅल्युमिनियमला गंज चढतो तो असा. समुद्राची खारी हवा, त्यात ओल, आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादाचा बोल्ट. दोन धातूंमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजतं. भाच्याने मान हलवली. बॅटरीच्या टर्मिनलवर साचणारी भुकटी तो रोज पाहतो. विमान जपायला समुद्रकाठचं उघडं मैदान ही सगळ्यात वाईट जागा. पण नौदलाचा तळ समुद्रकाठीच असणार आणि एवढ्या मोठ्या वस्तूंवर छप्पर घालणं कुणाला परवडतं? म्हणून दर काही काळाने घासायचं, रंगवायचं, पुन्हा घासायचं. पक्षी घरटी करतील अशी भोकं बंद करायची.

गॅलरीत जहाजांच्या प्रतिकृती, टॉर्पेडो, पाणबुड्यांचा कानोसा घेणारी उपकरणं, पथकांची चिन्हं आणि भिंतभर छायाचित्रं आहेत. ‘विक्रांत’च्या प्रतिकृतीपुढं मी बराच वेळ थांबलो. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. मुंबईत तिचं तरतं संग्रहालय केलं. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झालं. जपायचा खर्च कुणी करायचा, यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, न्यायालयात दाद मागून झाली आणि अखेर २०१४ मध्ये लिलावात जाऊन मुंबईच्याच दारुखाना भागात ती तोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश घातलेली बजाजची ‘व्ही’ मोटारसायकल २०१६ मध्ये बाजारात आली.

“आपल्याकडे येतात दोन सर्व्हिसिंगले,” भाचा म्हणाला. “टाकीवर जहाजाचं चिन्ह हाय, पण काहून हाय ते म्या कधी इचारलं नाही.”

म्हणजे हजारभर माणसांचं जहाज राहिलं नाही आणि त्याच्यावरून उडणारी, दोन-तीन माणसांची विमानं राहिली. जपणुकीत महत्त्वाला फार किंमत नसते. उभं करायला जागा मिळाली पाहिजे आणि रंगाचा डबा घेऊन फिरणारं कुणीतरी हवं, मग वस्तू टिकते. विमानाला तळाच्या कोपऱ्यातली जागा पुरते. जहाजाला बंदर लागतं आणि बंदरातल्या जागेचा भाव मुंबईत कुणाला माहीत नाही?

ज्याच्यासाठी मी आलो होतो ते विमान शेवटी पाहिलं. सुपर कॉन्स्टेलेशन. छायाचित्रांत पाहिलं होतं, पण मान इतकी वर करावी लागेल असं वाटलं नव्हतं. पंखांचा विस्तार १२३ फूट. चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर. अंग सरळ नळीसारखं नाही. नाकापासून शेपटीपर्यंत माशासारखा बाक आहे, आणि शेपटीला एका उंच सुळक्याऐवजी तीन बुटके. एकच सुळका केला असता तर विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. एअर इंडियाने १९५४ पासून ही विमानं घेतली आणि त्यांना ‘राणी’ म्हणून नावं दिली. या विमानाचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. वेरूळची राणी. महागावाहून निघालेल्या माणसाला समुद्रकाठच्या लष्करी तळावर मराठवाड्याचं नाव असं भेटेल, ही कल्पना मी केली नव्हती.

त्या राणीने तीन संसार केले. आधी एअर इंडिया. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं आणि पंख्याच्या विमानांची सद्दी संपली. मग हवाई दल. पुण्याहून समुद्रावर नजर ठेवण्यासाठी ही विमानं वापरली गेली. १९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीचं काम नौदलाकडे आलं. त्यासाठी ३१२ क्रमांकाचं पथक दाबोळीला उभं राहिलं आणि ही विमानं त्याच्या हवाली झाली. ज्या खिडक्यांतून पूर्वी प्रवासी आल्प्सची शिखरं पाहत, त्यांतून आता नौसैनिक दुर्बीण लावून तासन्‌तास जहाजं शोधत बसत.

नौदलाचं संग्रहालय नौदलाची गोष्ट सांगणार, हे ओघानं आलं. पण शेजारची धावपट्टी इथल्या नौदलाहून जुनी आहे. भारताने गोव्याची नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ सुरू केला आणि टीएआयपी नावाची विमानकंपनी काढली. कराची हा तिच्यासाठी बाहेरच्या जगाचा दरवाजा होता. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी कॅनबेरांनी धावपट्टी फोडली, पण इमारत आणि बाजूला उभी असलेली दोन नागरी विमानं मुद्दाम सोडली. रात्री धावपट्टीचा काही भाग घाईने बुजवून ती दोन्ही विमानं अंधारात उडाली आणि अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन कराचीला पोहोचली. त्यांतलं एक होतं पोर्तुगालचं सुपर कॉन्स्टेलेशन. पंधरा वर्षांनी त्याच जातीची विमानं भारतीय नौदलाची होऊन त्याच पट्टीवर उतरली. सुलूरहून हललेला ‘हंसा’ हा नौदलाचा तळ तोपर्यंत इथं चांगला रुजला होता.

आम्ही गेलो तेव्हा राणीचं दार बंद होतं. भाचा चाकांच्या खोबणीत डोकं घालून तेलाच्या नळ्या कुठून कुठं जातात ते पाहत बसला आणि तिथूनच त्याने विचारलं, या पथकाने पुढं काय उडवलं? १९८८ पासून रशियन तुपोलेव १४२, आठ पंख्यांचं अजस्र विमान. ते २०१७ मध्ये निवृत्त झालं आणि त्याच वर्षी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर त्याचं स्वतंत्र संग्रहालय झालं. तिथं आत शिरून वैमानिकाच्या खोलीपर्यंत जाता येतं, असं सांगितल्यावर तो बाहेर आला, हात पुसले आणि महागावहून विशाखापट्टणमला चंद्रपूरवरून जावं की नांदेडवरून, यावर आमचा वाद सुरू झाला.